गोळी आणि वरण

ज्या वरणभातावर मी सत्तर वर्षे पोसलो, त्याच्याशीच म्हातारपणी हाडवैर होईल असे मला वाटले नव्हते. पार्किन्सन्सने, म्हणजे कंपवाताने, माझा हात धरून हलवायला सुरुवात केल्यापासून घरात अंग हलते ठेवणाऱ्या लेव्होडोपाच्या गोळीचा अंमल असून तिचे सोवळे माझ्या आजीच्या सोवळ्याहून कडक आहे. डाळीतल्या प्रथिनांपासून होणारी अमिनो आम्ले आणि ही गोळी या दोघांनाही आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत शिरायला एकच दार असल्यामुळे, वरणाने आधी गर्दी केली की गोळी बाहेर ताटकळते आणि मी खुर्चीत पुतळा होऊन बसतो. म्हणून गोळीनंतर निदान अर्धा तास ताटाकडे पाहायचे नाही, मग तूप वितळून वरणावर साय धरली तरी बेहत्तर.

प्रथिने सोडूनही चालत नाही, कारण स्नायू आधीच रुसलेले आहेत. तेव्हा डॉक्टरांनी माझ्यापुरता तोडगा काढला, की दिवसा भात-भाजी खावी आणि वरण, उसळ, अंडी ही सगळी मंडळी रात्रीच्या पंगतीला बसवावी. ‘रात्री हलके जेवावे’ असे जन्मभर बजावणारी पत्नी आता रात्री नऊ वाजता मटकीची उसळ वाढताना माझ्याकडे नव्हे, देवघराकडे पाहते. कोठ्याविषयी मी फार लिहीत नाही; ती तक्रार खुद्द जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ सालच्या निबंधात नोंदवली आहे, एवढ्यावरून इसबगोलाशी असलेले माझे नाते वाचकांनी ओळखावे.

गेल्या रविवारी मेहुणा पनीरचा डबा घेऊन आला. “भाऊजी, फार वाळलात, प्रोटीन वाढवा,” असे म्हणत त्याने दुपारी नेमके गोळीच्या वेळेला चार मोठे तुकडे माझ्या वाटीत घातले. नाही म्हणावे तर पाहुण्याचा अपमान, आणि खरे सांगायचे तर पनीर झकास होते. तासाभराने तो निघाला, तेव्हा गोळी अजून दाराबाहेरच होती. मला उठता येईना, आवाज फुटेना, आणि या आजाराने चेहऱ्यावरचे भाव केव्हाच काढून घेतलेले असल्यामुळे मी मोठ्या कष्टाने आणलेले हसू आतल्या आत राहिले. त्याने दोनदा नमस्कार केला, थोडा घुटमळला आणि पडेल चेहऱ्याने जिना उतरला.

रात्री त्याचा बहिणीला फोन आला, “ताई, भाऊजींना पनीर आवडलं नाही वाटतं. पुढच्या रविवारी चिकन आणतो.”