काटा काही वर येईना

माणसाला ताप आला की दवाखान्यात नेतात. आमच्या गाडीला ताप येत नव्हता, म्हणून न्यावं लागलं.

नळ स्टॉपला सिग्नल दोनदा हिरवा होऊनही आपला नंबर लागत नाही. तेवढ्या वेळात तापमानाचा काटा कसाबसा कंबर उचलायचा. बायपासला लागून वारा मिळाला की पुन्हा तळाशी जाऊन आडवा. लिटरला 15 देणारी गाडी 12 वर आली होती. बायकोचं मत वेगळं होतं. "थंड राहतेय ना? मग तक्रार काय? माणसांत असा गुण असता तर!" ती कोणाबद्दल बोलत होती ते मी विचारलं नाही.

मेकॅनिकने बॉनेट उघडून वरच्या होज पाइपला नुसता हात लावला. "थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय साहेब. काढून टाकू."

"काढून? नवीन टाकायचा ना?"

"कशाला? आपल्याकडे काय बर्फ पडतो? निम्म्या गाड्यांचे काढलेत मी."

मग मी त्याला, त्याच्याच गॅरेजमध्ये, थर्मोस्टॅट समजावून सांगितला. म्हटलं, पितळी डबीत मेण असतं. इंजिन थंड असेपर्यंत झाकण मिटलेलं, त्यामुळे कूलंट रेडिएटरकडे जातच नाही आणि इंजिन पटकन तापतं. 82 अंशांच्या आसपास मेण वितळून फुगतं, दांडीला ढकलतं, झाकण उघडतं. गार झालं की स्प्रिंग ते मिटवते. वायर नाही, चिप नाही, निव्वळ मेण! झाकण उघडंच राहिलं तर इंजिन कोमट राहतं, आणि आतला कॉम्प्युटर 'अजून गारच आहे बिचारं' असं समजून त्याला जास्तीचं पेट्रोल पाजत बसतो. त्याने सगळं शांतपणे ऐकलं. "तुम्हाला एवढं येतंय तर तुम्हीच बसवा की," म्हणाला. चूक अशी झाली, की मी "बसवतो" म्हणालो.

शनिवारी सकाळी, रात्रभर गार झालेली गाडी पार्किंगमध्ये उघडली. (तापल्या इंजिनाचं रेडिएटरचं झाकण कधी उघडू नये. आत दाबाखाली उकळतं पाणी असतं, ते थेट तोंडावर येतं.) खाली बादली लावून कूलंट सोडलं. हिरवंगार, थेट वाळ्याच्या सरबतासारखं. सोसायटीचं मांजर लगेच हजर. हे कूलंट चवीला गोड असतं आणि प्राण्यांच्या किडन्या निकामी करतं, त्यामुळे पुढचा अर्धा तास माझा एक पाय बादलीवर आणि दुसरा मांजराच्या दिशेने.

दुसऱ्या मजल्यावरचे काका खुर्ची घेऊन उतरले. बँकेतून निवृत्त झाल्यापासून पार्किंगमधलं कुठलंही काम त्यांच्या गैरहजेरीत झालेलं नाही.

"काय रे, काय काढलंस?"

"थर्मोस्टॅट, काका."

"काढूनच टाक. आमच्या फियाटचा काढला होता, काही झालं नाही."

वॉचमन म्हणाला काढून टाका. पेपरवाला महिन्याचं बिल द्यायला आला होता, तोही सायकलवरून न उतरता म्हणाला काढून टाका. एका मेणाच्या डबीविरुद्ध एवढं जनमत मी पूर्वी पाहिलेलं नाही.

काम म्हणाल तर दोन बोल्टचं. त्यातला पहिला निघाला. दुसरा बोल्ट निघाला आणि हातातून निसटून टिंग, टिंग, टक् असा तीन ठिकाणी थांबत इंजिनाच्या पोटात गेला. ती 'टक्' कुठून आली यावर काका आणि वॉचमनमध्ये मतभेद झाले. शेवटी फ्रीजवरचं महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचं मॅग्नेट आणलं, आईच्या परकराच्या नाडीला बांधलं आणि विहिरीत पोहरा सोडावा तसं आत सोडलं. चौथ्या खेपेला स्ट्रॉबेरी बोल्ट घेऊन वर आली. काकांनी टाळ्या वाजवल्या.

जुना थर्मोस्टॅट डब्यात घालून बायकोच्या स्कूटरवर नाना पेठ गाठली. निघताना आई दारात आली. "शनिवारी लोखंड घरात आणू नकोस हो."

"पितळ आहे आई. आणि मेण."

"मग चालेल."

दुकानदाराने जुन्याकडे एकदा बघितलं, फळीवरून नवीन काढला, त्याच्यावर कोरलेलं 82 मला अंगठ्याने दाखवलं आणि रबरी रिंग वेगळी घ्यावी लागेल म्हणाला. मग माझ्या काळ्या हातांकडे बघून, "घरीच बसवताय? काढून टाकायचा की सरळ."

बसवण्याआधी तो नीट उघडतो की नाही हे पाण्यात उकळून बघायचं असतं. दुधाचं पातेलं हाताशी होतं. नवा आणि जुना दोन्ही दोऱ्याला लटकवून पाण्यात सोडले. थर्मामीटर घरात तापाचा, तो 42 ला संपतो. बायको म्हणाली, "तळाला मोती धरायला लागले की साधारण तेवढंच असेल. त्याला आधण कशाला हवंय?" बरोबरच होतं. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, इथे पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळतं, आणि आपल्याला हवे होते 82.

तिघंही पातेल्यात डोकावून उभे. मोती धरले, वाफ आली. नव्या थर्मोस्टॅटच्या कडेला केसाएवढी काळी रेघ दिसली, रेघेची फट झाली, आणि झाकण सावकाश वर उचललं गेलं. आई म्हणाली, "अगं बाई, उघडलं!"

"आणि जुना?" बायकोने विचारलं.

जुना बाहेर काढून गार केला, खिडकीशी धरला. त्याच्या फटीतून समोरच्या बाल्कनीतली तुळस दिसत होती.

"हा गारच असताना उघडा आहे. मघाशी उजेडात धरला असतास तरी कळलं असतं की. आणि त्याला ते हिरवं लागलेलं होतं ना?" ती पातेल्याकडे बघत राहिली. "हे आता दुधाला नाही."

बसवण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे, छोटी पिन वर, म्हणजे अडकलेली हवा निघून जाते. खरी परीक्षा त्यानंतर. नवं कूलंट भरल्यावर हवा पूर्ण बाहेर पडावी म्हणून इंजिन चालू ठेवून आतला हीटर पूर्ण सोडायचा असतो. महिना मे. दुपारचे अडीच. काटा बघायला कोणीतरी आत बसायला हवं म्हणून बायको बसली, आणि मी बाहेर होज पाइपवर हात ठेवून, नाडी बघत असल्यासारखा.

"आला का वर?"

"मी शिजले, काटा नाही!"

पाइप कोमट होता. कोमटच होता. आणि मग एकदम हात मागे घ्यावा लागला. मेण वितळलं होतं. आतून हाक आली, "अरे, मध्यावर आला! थांबला!" थोड्या वेळाने रेडिएटरचा पंखा घुर्रकन सुरू झाला. काकांनी खुर्चीची घडी घातली आणि म्हणाले, "बघ, चालला. तरी काढून टाकला असतास तर मघाशीच जेवायला बसलो असतो."

पातेलं आता डिकीत असतं. बायकोने त्याच्यावर मार्करने 'गाडीचं' असं लिहिलंय, आणि खाली बारीक अक्षरात, 'दूध तापवू नये'.