‘मराठी जशी बोलतो तशीच लिहितो’ हे अर्धंच खरं

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: इंग्रजी स्पेलिंगला काही नियमच नाही, मराठी मात्र जशी बोलतो तशीच लिहितो. पोरं हे खरं मानून बसलीत, म्हणून हा खुलासा.

आधी आपलं घर बघा. आजी गाईले ‘पानी’ पाजते, तिचा ‘डोया’ (डोळा) दुखते. नात वहीत ‘पानी’ लिहिते आणि लाल शेरा खाते. तिला अडाणी म्हणू नका. तिने कानाने ऐकलं तेच लिहिलं. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा. अक्षरं तीच, ज वेगळा.

इंग्रजीतल्या ‘नाइट’चा (knight), म्हणजे सरदाराचा, सुरुवातीचा आता मुका असलेला के पूर्वी खरंच उच्चारत. कॅक्स्टनने १४७६ च्या सुमारास इंग्लंडात छापखाना आणला. पुढे स्पेलिंग हळूहळू गोठलं, उच्चार बदलत राहिले.

स्पॅनिश वाचायला सोपी, हे बरोबर. पण तिथेही एच मुका, बी-व्हीचा उच्चार एकच, म्हणून ऐकून लिहिताना चुका होतातच. जर्मनमध्ये चाक आणि सल्ला दोन्ही ‘राट’च ऐकू येतात, लिहिताना एकाच्या शेवटी डी, दुसऱ्याच्या टी.