कारखान्यात झोपून भाडं वाचतं म्हणणाऱ्यांना

तालमीच्या ग्रुपवर, मग वर्गमित्रांच्या, मग भावकीच्या ग्रुपवर, असा एकच मजकूर मला तीनदा आला. सांगतो तो असं: घर परवडत नाही म्हणून रडत बसू नका. परदेशात लोक व्हॅनमध्ये, बोटीत, कंटेनरमध्ये मजेत राहतात. आपल्याकडे ऊसतोड मजूर खोपीत राहतातच ना? कोल्हापूरच्या पोरांनी कामाच्या जागीच मुक्काम टाकावा, महिन्याला चार हजार भाडं वाचवावं आणि पाच वर्षांत जागा घ्यावी. पाठवणारी माणसं आपलीच आहेत आणि त्यांच्या मनात वाईट नाही. पण एखादा पोरगा हे खरं मानून तसं करेल, म्हणून लिहितो.

आधी परदेशातली मजा. लंडनच्या कालव्यावर ज्यांना कायमची जागा परवडत नाही, त्यांना साधारणपणे १४ दिवसांपेक्षा जास्त एका ठिकाणी बोट लावून राहता येत नाही. मूल कुठल्या शाळेत घालायचं मग? अमेरिकेत २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, उघड्यावर मुक्काम करणाऱ्या बेघरांना शहरं दंड करू शकतात. जपानमध्ये २००७ च्या सरकारी पाहणीत सुमारे ५,४०० माणसं राहायला घर नाही म्हणून इंटरनेट कॅफेत रात्री काढताना आढळली. हाँगकाँगमध्ये एकेका फ्लॅटचे तुकडे पाडून केलेल्या खुराड्यांत दोन लाखांवर लोक राहतात. फोटोत दिसते ती मजा ज्यांच्याकडे परतायला घर आहे त्यांची.

कंटेनर. वीस फुटी कंटेनरची आतली रुंदी २.३५ मीटर आणि उंची २.३९ मीटर. राहत्या खोलीला आपल्याकडे २.४ मीटर रुंदी आणि २.७५ मीटर उंची लागते. उन्हासाठी आतून इन्सुलेशन केलं की उरलेलंही आक्रसतं. आणि ठेवायचा कुठे? शेतात ठेवायचा तर बिगरशेतीचा प्रश्न, आणि स्वस्तात जागा मिळते ती पूररेषेत. कोल्हापूरला पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट आहे. २०१९ मध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, २०२१ मध्येही तेच. नदीकाठच्या सुतारमळ्यातल्या लोकांना विचारा, पाणी आधी कुणाच्या दारात येतं.

खोपीचा दाखला वाचून मला खरोखर वाईट वाटलं. बांबूच्या कामट्या, पाचट, वर प्लास्टिकचा कागद, आत शिरायचं ते वाकून. पहाटे अंधारात चूल पेटते, कारण फडावर पोचायचं असतं. बाईला आडोसा म्हणजे उसाचा फड, आणि तो तर रोज तोडत पुढे सरकायचं असतं. बीडकडच्या त्या कुटुंबाचं घर गावाकडे असतं. खोप ही गाळप हंगामापुरती. ती सोडून मधेच जाता येत नाही, कारण मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटायची असते. राहण्याची जागा कामाला बांधली गेली की माणूसही बांधला जातो. मला सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटतं, आणि हे मी स्वतः भोगलं आहे.

१९९६ पासून दोन वर्षं मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका लेथ कारखान्याच्या पोटमाळ्यावर राहिलो. आम्ही तिघं. ताठ बसलं की डोकं पत्र्याला लागायचं. चादर झटकली की लोखंडाचा कीस खाली पडायचा आणि उशीला मशीन थंड ठेवणाऱ्या कूलंटचा वास असायचा. भाडं नव्हतं, हे खरं. पण रात्री अकराला खालून हाक यायची, "गाडी आलीया, उतरून घ्या रं." त्याचे पैसे कधी मिळाले नाहीत, कारण आम्ही "इथंच तर असतो". स्टोव्ह पेटवायला बंदी, म्हणून दोन्ही वेळा खानावळ. तापाने फणफणलो तरी सुट्टी मागायची भीती वाटायची. काम गेलं तर त्याच दिवशी वळकटी उचलावी लागली असती. चोरीच्या भीतीने मालक जाताना शटरला बाहेरून कुलूप लावायचे. किल्ली त्यांच्या घरी. आम्ही आत.

तेव्हा त्यात काही वावगं आहे हे कळलंच नाही. कळलं ते बातम्या वाचून. डिसेंबर २०१७, मुंबईत साकीनाक्याला फरसाणच्या गाळ्याला आग लागली, आत झोपलेले १२ कामगार गेले. मे २०१९, पुण्याजवळ उरुळी देवाचीत साड्यांच्या दुकानात झोपलेले पाच जण गेले. दाराला बाहेरून कुलूप होतं. ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे वाळूजमध्ये हातमोज्यांच्या कारखान्यात सहा जण. आज कोल्हापूरच्या सराफ बाजारात, गुजरीच्या माड्यांवर दागिने घडवणारे बंगाली कारागीर जिथे भट्टी पेटवतात तिथेच अंथरूण टाकतात, तेव्हा मला तोच पत्रा आठवतो.

राहिला हिशोब. चार हजार गुणिले साठ महिने, दोन लाख चाळीस हजार. कळंबा किंवा पाचगावच्या बाजूला गुंठ्याचा भाव विचारून बघा, मग या रकमेत किती फूट येतात ते मोजा. खानावळीचा जादा खर्च त्यातून अजून वजा केलेला नाही.

त्या मजकुरातली एक गोष्ट मला मान्य आहे: झेपत नसताना कर्ज काढून फ्लॅट घेऊ नये. पण मग भाड्याची साधी, पक्की खोली मागायला हवी. केंद्राने २०२० मध्ये स्थलांतरित कामगारांसाठी परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना काढली होती. शिरोली आणि गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतींच्या जवळ अशा खोल्या का उभ्या राहत नाहीत, हे उद्योजकांच्या बैठकीत विचारता येतं, महापालिकेत विचारता येतं, आमदारांना विचारता येतं. तोवर तुमच्या कारखान्यात कुणी झोपत असेल, तर आज रात्री घरी जाताना बाहेरून कुलूप लावू नका.