शॉकअप ‘फुल टाइट’ : मेसेज अर्धाच खरा

परतवाडा-चिखलदरा घाटात गाड्या घेऊन जाणाऱ्या पोरांमध्ये एक मेसेज फिरतोय: स्पोर्ट बाइकचा मागचा शॉकअप फुल टाइट करा, हळू वळणावर गाडी चटकन वळते.

यातलं खरं एवढंच, की प्रीलोड (म्हणजे शॉकअपची स्प्रिंग आधीच किती आवळून ठेवलीय ते) वाढवला की मागची बाजू उचलते, पुढचा फोर्क (पुढचं चाक धरणारे दोन दांडे) थोडा उभा होतो आणि गाडी लवकर झुकते. पण प्रीलोडनं स्प्रिंग कडक होत नाही, फक्त गाडीची उंची बदलते. पार आवळलं तर आपल्या वजनानं गाडी दबतच नाही, आणि खड्डा आला की चाकाला खाली उतरायला जागा उरत नाही. टायर क्षणभर रस्ता सोडतो. आपल्याकडचे रस्ते पाहता हे वळणात भलतंच महागात पडेल.

चाक अधांतरी असतानाच्या उंचीपेक्षा स्वार बसल्यावर मागची बाजू साधारण ३० ते ३५ मिमी दबली पाहिजे. डबलसीट निघालात तर प्रीलोड वाढवा, एकटे असाल तेव्हा परत उतरवा.

गाडी वळणाबाहेर जात असेल तर बऱ्याचदा शॉकअपचा दोषच नसतो. ब्रेक एकदम सोडला की फोर्क उसळतो अन् गाडी रुंद जाते; ब्रेक हळूहळू सोडा. आणि पाना हातात घ्यायच्या आधी टायरची हवा तर बघा!