त्याच खडकावर पुन्हा

काल दुसऱ्या वर्षाचे पेपर तपासत होते. ‘कीस्टोन प्रजाती म्हणजे काय?’ असा दोन गुणांचा प्रश्न. व्याख्या, म्हणजे जी गेली की तिच्या भोवतालच्या बाकीच्या अनेक जातीही जातात ती प्रजाती, बहुतेकांना पाठ होती आणि उदाहरण म्हणून सगळ्यांनी वाघ लिहिला होता. तारामासा एकाच्याही पेपरात नव्हता. मुलांना बोल लावण्यात अर्थ नाही, आम्ही शिकवतोच तेवढं. पण ही कल्पना ज्या माणसाने समुद्राच्या खडकावर उकिडवं बसून शोधली, त्याचं नाव आपल्या कोकणातल्या प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याला माहीत नसावं याचं मला फार वाईट वाटलं. रात्री झोप येईना, म्हणून लिहायला बसले.

रॉबर्ट पेन. अमेरिकेतल्या सिअॅटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये 1962 पासून 1998 पर्यंत प्राध्यापक. साडेसहा फूट उंच माणूस. मिशिगनला पीएच.डी. करताना फ्रेडरिक स्मिथ हे त्यांचे मार्गदर्शक होते. झाडं हिरवी का राहतात, किडे सगळी पानं खाऊन का टाकत नाहीत, असा प्रश्न स्मिथ सर विद्यार्थ्यांना घालत. किडे खाणारे कोणीतरी आहेत म्हणून, हे त्यांचं उत्तर. 1960 साली त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर ते छापलंही. तर्क पटण्यासारखा होता, पण करून कोणी पाहिलं नव्हतं. खाणाऱ्याला तिथून उचललं तर काय होईल?

पेन सरांनी ते 1963 साली करून पाहिलं. ऑलिम्पिक द्वीपकल्पाच्या टोकाला मकॉ बे नावाचा उपसागर आहे. तिथे ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांवर गेरूच्या आणि जांभळ्या रंगाचे हाताच्या पंजापेक्षा मोठे तारामासे चिकटलेले असतात. पिसास्टर ऑक्रेशियस ही त्यांची प्रजाती. पेन सरांनी सुमारे आठ मीटर लांब आणि दोन मीटर रुंद असा एक पट्टा निवडला. ओहोटी बघून जायचं, पहारीने तारामासे उचकटायचे आणि लांब समुद्रात भिरकावून द्यायचे. शेजारचा तसाच पट्टा मात्र हात न लावता सोडलेला. हाच त्यांचा सगळा प्रयोग. ना प्रयोगशाळा, ना यंत्रं.

हा तारामासा खातो कसा ते एकदा नीट बघण्यासारखं आहे. तो शिंपल्यावर पाच हात घट्ट बसवतो आणि नळ्यांसारख्या शेकडो पायांनी दोन्ही शिंपा ओढत राहतो. जराशी फट पडली की स्वतःचं पोटच बाहेर काढून त्या फटीतून आत सोडतो आणि शिंपला त्याच्याच घरात पचवतो. फक्त फार वेळ कोरड्यावर राहणं त्याला जमत नाही, म्हणून खडकाच्या वरच्या भागातले शिंपले त्याच्या तावडीतून सुटतात. त्या किनाऱ्यावर काळ्या शिंपल्यांचा पट्टा एका ओळीत संपलेला दिसतो, जणू कोणी रेघ ओढली आहे. ती रेघ ताऱ्याची असते.

तारे हलवले आणि रेघ खाली सरकू लागली. आधी बार्नेकल, म्हणजे खडकाला घट्ट चिकटून राहणारे कवचाचे छोटे जीव, माजले, मग शिंपल्यांनी त्यांनाही दाबलं. बघता बघता पंधरा जातींच्या जागी आठच उरल्या. चायटन आणि लिंपेट हे खडकावरचे कवचाचे प्राणी, शेवाळं, यांना पाय ठेवायला जागा राहिली नाही. त्यातल्या बहुतेकांना तारामासा हातही लावत नव्हता, तरी तो गेल्यावर तेही गेले. 1966 साली हा निबंध छापून आला आणि 1969 साली त्यांनी शब्द दिला ‘कीस्टोन’, म्हणजे दगडी कमानीच्या माथ्यावर मधोमध बसवलेला दगड. तो काढला की बाकीचे कितीही असले तरी निखळतात.

इथपर्यंतची गोष्ट कुठल्याही पाठ्यपुस्तकात मिळेल. मला सांगायचं आहे ते याच्या पुढचं.

पेन सर तिथेच थांबले नाहीत आणि दुसरीकडेही गेले नाहीत. त्याच किनाऱ्याजवळ केप फ्लॅटरीच्या समोर टाटूश नावाचं छोटं बेट आहे, मकॉ या तिथल्या मूलनिवासी जमातीच्या मालकीचं. जमातीच्या परवानगीने साठच्या दशकाच्या अखेरीपासून ते तिथे जात राहिले, निवृत्तीनंतरही. तेच खडक, त्याच खुणा, दशकानुदशकं. म्हणूनच तीन वर्षांत कधीच कळल्या नसत्या अशा गोष्टी त्यांना कळल्या. उदाहरणार्थ, तारे हलवणं थांबवलं, तारे परत आले, तरी शिंपले हटले नाहीत. मधल्या वर्षांत ते इतके मोठे झाले होते की ताऱ्याला उघडताच येईनात. एकदा बिघडवलेलं आपोआप पूर्ववत होत नाही, हे त्या खडकाने दाखवलं, पण त्यासाठी खडकापाशी कोणीतरी टिकून राहावं लागलं.

आता आमचं ऐका. काही वर्षांपूर्वी मी संशोधनाचा एक प्रस्ताव पाठवला होता. आमच्या गावाजवळचा एक कातळ, त्यावर दहा ठरलेले चौकोन, दर अमावास्येला मोजणी, दहा वर्षं. खर्च नगण्य. उत्तर आलं, ‘यात नावीन्य नाही, आणि तीन वर्षांपलीकडचं काम बसत नाही.’ मला राग आला तो माझ्या कामापेक्षा त्या ‘नावीन्य’ शब्दाचा. सातशे किलोमीटरहून लांब किनारा आपल्याला लाभलाय. त्यातल्या किती खडकांची सलग पंचवीस वर्षांची नोंद तुमच्या कॉलेजच्या कपाटात आहे, शिक्षक मित्रांनो?

नोंद आहे, पण ती आपल्याकडे नाही. आमच्या कातळावर कालवं काढायला येणाऱ्या एक आजी आहेत. हातात कोयती, पदर खोचलेला. एकदा त्यांनी मला हाताला धरून एका कपारीपाशी नेलं आणि सांगितलं की लग्न होऊन आल्या तेव्हा कालवं इथे गुडघ्याएवढ्या पाण्यात मिळायची, आता कंबरभर पाण्यात जावं लागतं. का, ते त्यांना माहीत नाही आणि मलाही नाही. पण चाळीस वर्षं एकाच खडकाकडे बघणारं माणूस माझ्यासमोर उभं होतं.

पेन सरांचा दुसरा मोठेपणा विद्यार्थ्यांच्या बाबतीतला. विद्यार्थ्यांच्या कामावर स्वतःचं नाव लावायचा त्यांना सोस नव्हता. आपल्याकडे याची किंमत काय आहे हे संशोधन करणाऱ्या मुलांना विचारा. पेन सरांच्या हाताखालच्या जेन लुबचेन्को पुढे अमेरिकेच्या समुद्र आणि हवामान संस्थेच्या, नोआच्या, प्रमुख झाल्या. ब्रूस मेंगे यांनी तर सरांच्याच कल्पनेची परीक्षा घेतली आणि दाखवलं की लाटांचा मार असलेल्या जागी पिसास्टरची हुकमत चालते, आडोशाच्या जागी तितकी नाही. आणि अलास्काच्या अल्युशियन बेटांवर 1971 च्या सुमारास भेटलेल्या जिम एस्टिस या तरुणाला त्यांनी एवढंच सुचवलं की पाणमांजरं काय खातात ते बघ, बाकीच्यांवर त्याने काय होतं ते बघ. पाणमांजर अर्चिन नावाचा काटेरी समुद्री प्राणी खातं, अर्चिन केल्प या उंच समुद्री शेवाळाची जंगलं खातं, आणि पाणमांजर गेलं की जंगल उजाड होतं, हे आज जगभर शिकवलं जातं ते त्या गप्पांतून निघालेलं.

2013 नंतर त्याच किनाऱ्यावर ताऱ्यांना रोग लागला. हात गळून पडायचे, अंग विरघळून चिखल व्हायचा. पेन सरांनी पहारीने जे एका पट्ट्यात केलं होतं ते आता शेकडो किलोमीटरवर आपोआप होत होतं. 13 जून 2016 रोजी सर गेले. त्याच वर्षी सागरी शास्त्रज्ञ बोरिस वर्म यांच्याबरोबरचा त्यांचा निबंध आला, ज्यात त्यांनी माणसालाच सगळ्या कीस्टोनांवरचा कीस्टोन म्हटलं.

पुढच्या वर्षीपासून माझ्या वर्गात ‘उदाहरण द्या’ला वाघ चालेल, पण ताऱ्याची गोष्ट आधी सांगितली जाईल. आणि प्रस्ताव नामंजूर असला तरी चौकोन मी आखलेत, तेलरंगाने, दहाच्या दहा. येत्या अमावास्येला पहाटे सहाच्या सुमारास पाणी पार खाली असेल. आठ मुलं येतायत, आजीही येणार आहेत. जवळपास राहणाऱ्या कोणाला यायचं असेल तर जुन्या चपला घालून या, कालवांची धार फार वाईट असते.