‘पासआउट’ टाळायचं ते कुणापुढे?

ऐरोलीहून तुम्ही लिहिलंत की, ‘आय पास्ड आउट फ्रॉम कॉलेज’ हे मुलाखतीत टाळा असं मुलांना सांगणं ही इंग्रजांची गुलामी आहे. अख्खा देश असंच बोलतो. शिवाय खडकवासल्याला एनडीएत ‘पासिंग आउट परेड’ होते, ती काय घेरी येऊन पडण्याची?

परेडचा मुद्दा रास्त आहे. लष्करी प्रशिक्षण पुरं करून बाहेर पडणं हा ‘पास आउट’चा अर्थ ब्रिटिश शब्दकोशांतही आहे. आपण तो कॉलेजलाही लावतो, आणि भारतीय इंग्रजीत ती चूक आहे असं मी अजिबात मानत नाही. नोकरीच्या जाहिरातीत ‘2024 पासआउट’ वाचून इथे कुणाचाच गोंधळ होत नाही. मी स्वतःही घरी-दारी तसंच बोलते.

अडतं ते कॉलवर पलीकडे लंडनचा किंवा शिकागोचा माणूस असला की. त्याच्या डोक्यात ‘पास आउट’ म्हणजे आधी शुद्ध हरपणं येतं. त्यात आपलं ‘फ्रॉम’ आणखी घोळ घालतं, कारण बेशुद्ध पडण्याचं कारणही इंग्रजीत ‘फ्रॉम’नेच सांगतात. ‘ही पास्ड आउट फ्रॉम द हीट’, म्हणजे उन्हाने चक्कर येऊन पडला. आता त्याच जागी ‘फ्रॉम कॉलेज’ घालून बघा! अमेरिकेत आणखी एक अर्थ आहे, वाटप करणं. ‘द टीचर पास्ड आउट द पेपर्स’ म्हणजे बाईंनी पेपर वाटले. यातलं ‘द पेपर्स’ गळलं की बाईच बेशुद्ध पडल्या. सगळी मदार वाक्यातल्या कर्मावर, म्हणजे काय वाटलं त्या शब्दावर.

दिवा-कळव्याहून येऊन, ठाण्याला गाडी बदलून ऐरोली-घणसोलीला मुलाखतीला जाणारी मुलं मला रोज भेटतात. विषय त्यांना उत्तम येतो. परदेशी क्लायंटला ओळख करून देताना पहिल्याच वाक्याला समोरचा गोंधळला, तर ती बिचकतात आणि पुढचं येत असलेलंही बोलत नाहीत. हे मला बघवत नाही. त्यात गुलामी कुठे आली?

मग म्हणायचं काय, असं तुम्ही विचारलंत. पदवीसाठी ‘आय ग्रॅज्युएटेड फ्रॉम मुंबई युनिव्हर्सिटी इन 2021’. डिप्लोमासाठी ‘आय कम्प्लीटेड माय डिप्लोमा’. बारावीला ‘ग्रॅज्युएटेड’ अमेरिकी माणसापुढे चालेल, पण ब्रिटिश माणसाला ती पदवी वाटू शकते. तिथे ‘फिनिश्ड स्कूल’ बरं. आणि परीक्षेबद्दल बोलायचं असेल तर नुसतं ‘पास्ड’ म्हणायचं, ‘आउट’ जोडायचं नाही.