भुताला हसायची पूर्वतयारी

जुना भयपट पुन्हा पाहायला जायची एक रीत असते. मला ती ठाऊक नव्हती. गेल्या शनिवारी 'पुराना मंदिर'चा खास खेळ होता आणि मी बावळटासारखा सिनेमा पाहायला गेलो. तुमची अशी फजिती होऊ नये, म्हणून अनुभवाचे चार शब्द.

सगळ्यात आधी, घरूनच हसत निघावं. तिकीट दाखवतानाही हसू तोंडावर हवं. 'आधी बघू, मग ठरवू' असा विचार केलात, तर चुकून भीती वाटायची. नसता धोका कशाला?

खेळाआधी एक जाणकार बोलायला उभे राहतात. त्यांना पाऊण तास बोलू द्यावं. सिनेमातला राक्षस सामरी, त्याचं मुंडकं कुठल्या पेटीत, धड कुठे पुरलंय, दोन्ही शेवटी जुळतात की नाही, सगळं त्यांनी आधीच सांगून टाकलं की आपण निर्धास्त.

पॉपकॉर्नची पिशवी खास शांत प्रसंगासाठी राखून ठेवावी.

सदाशिव अमरापूरकर दिसले की शेजाऱ्याला कोपरानं ढोसून 'अय्या, हे इथे?' असं विचारावं. 'अर्धसत्य' 1983चा, हा 1984चा. माणसानं एकदा थोर भूमिका केली की पुढच्या वर्षी उपाशी राहायचं असतं, नाही का?

आता मुख्य मुद्दा. सामरी पडद्यावर आला रे आला की 'मेकअप बघ, मेकअप!' असं ओरडायचं. माझ्या मागच्या रांगेतल्या मंडळींनी हे काम फार निष्ठेनं केलं. त्यांचं खरंच आहे म्हणा. साफसूफ केलेल्या चकचकीत कॉपीत सगळंच दिसतं. आम्ही हा सिनेमा पहिल्यांदा पाहिला तो शेजाऱ्यांकडे, भाड्याच्या व्हीसीआरवर. कॅसेट इतकी झिजलेली की पडद्यावर आडवे पट्टे सरकत होते आणि सामरीचा अर्धाच चेहरा दिसत होता. उरलेला अर्धा आम्ही आमच्या पदरचा घातला. त्यानंतर तीन रात्री मागच्या अंगणातल्या संडासाला जाताना आईला बॅटरी घेऊन दाराशी उभं केलं होतं, आणि दर अर्ध्या मिनिटाला आतून 'आहेस ना?' विचारत होतो. चौथ्या रात्री तिनं उत्तर देणं बंद केलं. ती भीती कुठल्या मेकअपवाल्यानं केली होती, सांगता का जरा?

आणि मेकअपच म्हणाल, तर त्याच्याखाली अनिरुद्ध अग्रवाल नावाचा एक शिकलेला इंजिनिअर होता. नुसता चालत आला तरी अंगावर काटा आणायचा. कॅमेऱ्यामागे रामसेंचं अख्खं घर. सात भाऊ! दिग्दर्शन तुलसी आणि श्याम यांचं, कॅमेरा गंगूकडे, आवाज किरणकडे, लिखाणात कुमार. वडिलांचं कराचीत रेडिओचं दुकान, फाळणीत मुंबईला आले, सिनेमात पैसे घातले. 1970 साली त्यांचा एक सिनेमा आपटला, पण पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा घालून चोरी करतात त्या एका प्रसंगाला लोक किंचाळत होते. पोरांनी ते नेमकं हेरलं. मग 1972 मध्ये घरची माणसं घेऊन महाबळेश्वर गाठलं आणि चाळीसेक दिवसांत 'दो गज़ ज़मीन के नीचे' उरकला. मोठा सेट नाही, मोठा नट नाही. मग धूर सोडायचा, निळा दिवा लावायचा, दार करकरवायचं आणि बघणाऱ्याच्या मनावर भरवसा टाकायचा. सात भावांनी मिळून एवढे सिनेमे पुरे केले, आणि मागच्या रांगेतल्या मंडळींनो, तुमच्या सहा जणांच्या ग्रुपला शनिवारी जेवायला कुठे जायचं हे मध्यंतरापर्यंत ठरलं नव्हतं! मी ऐकलं सगळं. ऐकवंच लागलं.

असो. मी सल्ला देत होतो.

मोबाइल वर धरून राक्षसाचं चित्रण करावं. घरी जाऊन कोण बघतंय, हा प्रश्न विचारू नये.

गाणं लागलं की 'काय हे!' म्हणावं, आणि बाहेर पडताना तेच गुणगुणावं.

विनोदी नट जगदीप आले की मात्र अजिबात हसू नये. सिनेमात 'शोले'ची टिंगल करणारं एक वेगळंच उपकथानक आहे, मूळ गोष्टीशी त्याचं काही देणंघेणं नाही. लोकांना मधेमधे श्वास घेता यावा म्हणून ते घातलेलं. म्हणजे रामसेंनी स्वतः हसायची जागा आखून दिली आहे. तिथे शनिवारी काय झालं? निम्मं थिएटर कॉफी आणायला बाहेर! उरलेले मोबाइलमध्ये. सामरीला खोखो हसणारे जगदीपसमोर मौनात.

कळतं हो मला. गोष्टीत भोकं आहेत. नायिकेची आंघोळ गरजेपेक्षा जास्त लांबली आहे, आणि कॅमेरा तिथे कशाला रेंगाळतो हे न कळण्याइतका मी भोळा नाही. जिथे हसू फुटतं तिथे मीही हसलो. पण खानदानातली प्रत्येक बाई बाळंतपणात मरेल, असा शाप सामरी देतो, त्यातसुद्धा तुम्हाला विनोद सापडला?

माझ्या शेजारी तुमच्याच ग्रुपमधली एक मुलगी होती. पेटीचं झाकण हलायला लागलं तेव्हा तिनं हळूच दोन्ही पाय खुर्चीवर घेतले आणि ओढणीचं टोक मुठीत धरलं. चाळीस वर्षांपूर्वीचा तो सिनेमा तिच्यापुरता चालू झाला होता. तेवढ्यात तुम्ही खिदळलात. तिनं पाय खाली सोडले, ओढणी सारखी केली आणि तुमच्यापेक्षा मोठ्यानं हसली.

घाबरू दिलं असतंत तिला, तर काय बिघडलं असतं तुमचं? तिकीट काढलं म्हणून बाकीच्यांचा अंधारही विकत घेतलात का? भीती वाटते म्हणायची लाज वाटते, म्हणून सगळे मिळून दात काढता, आणि वर त्याला रसिकता म्हणता. गप्प बसा की दोन तास! आणि हसल्याशिवाय राहवतच नसेल, तर जगदीप येईपर्यंत थांबा.